हळू वाजणारा डबा

वन्संचं आणि माझं शेवटचं बोलणं एका डब्यावरून झालं. वन्सं म्हणजे माझी मोठी नणंद, कुसुम. बोईसरच्या दवाखान्यात त्या उशीला टेकून बसल्या होत्या, नाकाला ऑक्सिजनची नळी होती आणि मी शेजारी मोसंबी सोलत होते. त्यांनी बोटाने खुणावून मला जवळ बोलावलं. घशाचं ऑपरेशन झाल्यापासून त्यांचा आवाज गेलेला, उरली होती ती नुसती कुजबुज, तीसुद्धा कान तोंडाशी नेल्याशिवाय कळायची नाही. मी वाकले. मनात म्हटलं, आता काहीतरी मोठं बोलणार... भावाला सांभाळ, वाडीकडे लक्ष दे, असलं काही. तर म्हणाल्या, "डबा चार्जिंगला लावलास?" मी म्हटलं, "वन्सं, तुम्ही आधी बऱ्या व्हा, मग डब्याचं बघू." त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या. "मी नाय बरी झाली, म्हणून रविवार यायचा थांबणार हाय का?"

रविवार आला, पण त्याआधीच त्या गेल्या. दुपारी गावातल्या बायका नेहमीसारख्या आमच्या ओट्यावर येऊन बसल्या. गाणं अर्थातच नव्हतं. जाताना त्यातली एक मला म्हणाली, "वयनी, पुढच्या रविवारी येऊ ना आमी?" मला रडू तिथे फुटलं, स्मशानातून माणसं परतली तेव्हा नव्हतं फुटलं. आता काही आठवडे झाले आहेत, रडून झालं आहे, आणि त्या डब्याची गोष्ट कोणीतरी नीट सांगायला हवी म्हणून मी लिहायला बसले आहे. वन्सं असत्या तर म्हणाल्या असत्या, "लांबड लावू नको." पण वन्सं, आता माझी पाळी.

मी माहेरची बोईसरची. कंपनीतल्या माणसांच्या भाड्याच्या खोल्यांमध्ये वाढले. आमच्या शेजारी बिहार, उत्तर प्रदेश, सोलापूर, सगळं होतं, लग्नं हॉलमध्ये लागायची आणि गाणी कॅसेटवर वाजायची. लग्न होऊन या किनाऱ्याकडच्या वाडीत आले तेव्हा माझ्याच हळदीत मी पहिल्यांदा वन्संचं गाणं ऐकलं. इथे रात्रीची हळद म्हणजे डीजे आणि मटण, ती आताची. विधीची हळद दुपारची. पाटावर नवरी बसते, समोर हळदीची वाटी, आणि गाणारी बाई गाण्यातून एकेकीचं नाव घेते. जिचं नाव आलं तिने उठायचं, हळद लावायची, परत जागेवर बसायचं. आधी आई, मग काकू, मामी, मावशी, आत्या, शेजारणी. नाव येईपर्यंत कोणी उठत नाही. नवरीची सख्खी आई असली तरी नाव येईपर्यंत ती पदर सावरून वाट बघत बसते. हा मान असतो, आणि तो गाण्याच्या हातात असतो. वन्संना चार गावांतून बोलावणी यायची. लग्नघरी आदल्या दिवशी जायच्या, घरातल्या बाईजवळ बसून नावं विचारून घ्यायच्या, आणि दुसऱ्या दिवशी एकही नाव न चुकता एकामागून एक गाण्यात ओवायच्या. आवाज असा खणखणीत, की पाट मांडवाच्या एका टोकाला आणि मामी दुसऱ्या टोकाला भाजी चिरत असली तरी तिला हाक पोचायची.

आणि आता जे लिहिते आहे ते लिहिताना मला आजही राग येतो. वन्सं स्वतः कधी हळद लावायला उठल्या नाहीत. ऐन तारुण्यात नवरा गेला, तशा त्या माहेरी परत आल्या, तारापूरच्या एका कंपनीत पॅकिंगला लागल्या आणि वाडीच्या कडेच्या दोन खोल्यांत राहिल्या. हळद लावायची ती सवाष्णींनी. विधवेने गायलेलं चालतं, तिचा आवाज चालतो, तिचा हात चालत नाही. एकदा मी तोंड सोडून बोलले होते या विषयावर, नवीन होते तेव्हा. वन्संनी मला स्वयंपाकघरात नेऊन सांगितलं, "गाणाऱ्या बाईला आपलं नाव घ्यायला वेळ कुठं असतो गो? दुसऱ्यांचीच संपत नाय." आणि हसल्या. त्यांचं हसणं असं होतं की पुढे वाद घालता यायचा नाही.

घशाचं दुखणं निघालं, ऑपरेशन झालं आणि आवाज गेला. जीव वाचला याचा आम्हाला इतका आनंद होता की आवाजाचं दुःख करायला जरा उशीरच झाला. त्यानंतरच्या लग्नांत बायका आपल्या आपण गायचा प्रयत्न करायच्या. पण चाल एकीची एक, दुसरीची दुसरी. वन्सं पुढे होत्या म्हणून इतकी वर्षं सगळ्या नुसत्या मागून ओढत आल्या होत्या, हे कोणाच्या लक्षातच आलं नव्हतं. शेवटी कोणीतरी मोबाइलवर गाणं लावायचं. मोबाइलला काय ठाऊक नवरीच्या मामीचं नाव! वन्सं हे सगळं मागे भिंतीपाशी बसून बघायच्या. घरी आल्या की जेवायच्या नाहीत.

मग एका दुपारी त्यांच्या खोलीतून टिंगटिंग आवाज आला. जाऊन बघते तर माळ्यावरचा बुलबुलतरंग खाली आला होता. ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी सांगते. हातभर लांबीचं लाकडी खोकं, त्यावर तारा, आणि तारांवर टाइपरायटरसारखी बटणं. डाव्या हाताने बटण दाबायचं, उजव्या हातातल्या प्लास्टिकच्या तुकड्याने तार छेडायची. वन्संच्या नवऱ्याचा होता तो. ते गेल्यावर इतकी वर्षं कापडात गुंडाळून ठेवलेला. वन्सं जमिनीवर मांडी घालून एकेक बटण दाबून हळदीचं गाणं शोधत होत्या. सापडलं की मान डोलवायच्या, चुकलं की स्वतःच्याच हातावर चापट मारायच्या. दिवाळीपर्यंत त्यांना हळदीपासून पाठवणीपर्यंतच्या सगळ्या चाली बसल्या. त्यांचा बेत साधा होता. चाल मी वाजवीन, शब्द बायकांनी गायचे.

बेत साधा होता, पण बुलबुलतरंगाचा आवाज तो केवढा! बंद खोलीत गोड, मांडवात शून्य. शेजारी कुकरची शिट्टी झाली की गाणं गायब. तेव्हा वन्संनी माझ्या कानात सांगितलं, "याला आवाज घेऊन दे." झालं. आमच्या ह्यांना, म्हणजे वन्संच्या धाकट्या भावाला, जोर चढला. बहिणीचा आवाज परत आणायचा म्हणजे काय साधी गोष्ट आहे! बोईसरला स्टेशनच्या अलीकडे वाद्यांचं आणि स्पीकरचं एक दुकान आहे. तिथला पोरगा उत्तर प्रदेशचा. त्याने एक चकती दाखवली, शर्टाच्या बटणाएवढी, लाकडाला चिकटवायची. पिकअप म्हणतात तिला. तिची वायर अँप्लिफायरला जोडली की झालं. आणि अँप्लिफायर म्हणून त्याने जे पुढे ढकलत आणलं, ते माझ्या कमरेएवढं उंच होतं. खाली चाकं, वर ओढायचा दांडा, पुढे दोन गोल स्पीकर आणि त्यांच्याभोवती लाल, निळे, हिरवे दिवे. "मौसी, ये ले जाओ, पूरा गाँव हिल जाएगा," पोरगा म्हणाला. आमचे हे म्हणाले, "हेच." आमच्या भागात लग्नाची किंमत आवाजावर ठरते, त्यामुळे मलाही तेव्हा ते बरोबरच वाटलं. वन्सं काहीतरी सांगायला हात वर करत होत्या, पण पोरग्याने तेवढ्यात सिनेमातलं गाणं असं जोरात लावलं की आम्हाला एकमेकांचं ओरडणंही ऐकू येईना, मग कुजबुजीची काय कथा.

त्या स्पीकरचं उद्घाटन रंजनाच्या मुलीच्या हळदीत झालं. रंजना आमच्याच गावची, पार दुसऱ्या टोकाची, वन्संची लाडकी. मांडव भरलेला, पाट मांडलेला. वन्संनी मांडीवर बुलबुलतरंग घेतला, ह्यांनी दिवे लावले, बटण फिरवलं, आणि पहिल्या दोन ओळींतच आमच्या लक्षात आलं की काहीतरी भलतंच घडतं आहे. आमच्याकडे वरातीत बेंजो पार्टी असते. बेंजो म्हणजे तरी काय, हाच बुलबुलतरंग, मोठ्या स्पीकरला जोडलेला. तो आवाज कानावर पडला की इथल्या माणसाचे पाय आपोआप उचलतात, त्यात त्याचा दोष नाही. मांडवाबाहेर चहा पीत उभे असलेले पुरुष कप ठेवून आत आले. नवरीचा मामा रुमाल फिरवत पाटासमोर नाचायला लागला. मुलं शिट्ट्या मारायला लागली. कोणीतरी ओरडलं, "कुसुमआत्या, फास्टमध्ये!" आणि बायका... बायका गप्प. एवढा मोठा आवाज आल्यावर गायचं कशाला? त्यांनी मोबाइल काढले आणि शूटिंग सुरू केलं.

नवरी पाटावर तशीच बसलेली. कोणी उठेना, कारण कोणाचं नावच आलं नाही. नाव घेणार कोण? बुलबुलतरंग चाल सांगतो, ‘रंजना’ असं नाव घेत नाही. रंजना हळदीच्या वाटीकडे बघत पदर सावरून बसली होती. मुलीची आई ती. गाणं एकदा संपलं, ह्यांनी टाळ्या वाजवल्या, परत सुरू झालं. शेवटी भटजींनी घाई केली तेव्हा बायका एकदम उठल्या, जिला जशी मिळेल तशी हळद थापली, आणि विधी आटोपला. रंजना नंतर वन्संजवळ आली. भांडायला नव्हे. तिचे डोळे भरले होते. म्हणाली, "आत्या, माजा नावच नाय आला गो गाण्यात." वन्संनी तिचा हात धरला आणि कितीतरी वेळ सोडला नाही.

घरी परतताना टेम्पोत तो स्पीकर मध्ये उभा, आणि आम्ही तिघं त्याच्या भोवती. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. ह्यांनी एकदाच तोंड उघडलं. "आवाज तर छान आला होता." मी त्यांच्याकडे असं बघितलं की पुढे घर येईपर्यंत रस्त्याचे खड्डेच काय ते बोलले.

मला वाटलं, आता संपलं. बुलबुलतरंग परत माळ्यावर जाणार. पण दुसऱ्या दिवशी मी बोईसरच्या माझ्या कंपनीतली शिफ्ट संपवून बसमधून उतरते तर वन्सं तयार होऊन ओट्यावर बसलेल्या, मांडीवर वाद्य, पायाशी पिकअपची पिशवी आणि बाजूला तो चाकांचा स्पीकर. "चल बोईसरला." मी म्हटलं, "अहो, आत्ता तर तिथूनच येते आहे!" त्यांनी चपला पायात घातल्या. मलाही घालाव्या लागल्या.

त्या दिवशी दुकानात जे झालं ते मी कधी विसरणार नाही. पोरग्याने स्पीकर परत घ्यायला जरा कुरकुर केली, पण घेतला. मग विचारलं, "मौसी, इससे बड़ा चाहिए?" वन्संनी मान हलवली आणि तळहात खाली खाली नेला, लहान मुलाची उंची दाखवतात तसा. त्याने लहान अँप्लिफायर काढले. सरावाचे म्हणतात त्यांना, घरात एकट्याने वाजवणाऱ्यांसाठीचे. पहिला दिसायला देखणा होता, पण विजेची वायर लावल्याशिवाय चालेना. वन्संनी बाजूला सारला. पाटाजवळ प्लग कुठून आणणार? दुसरा बॅटरीवर चालायचा, पण त्यात आवाज घुमायचा. पोरगा खूष होता. "मौसी, इको है, एकदम मंदिर जैसा." वन्संनी एक तार छेडली, तिचा आवाज परत परत ऐकू आला, आणि त्यांनी माझ्या कानात सांगितलं, "नाव एकदाच घ्यायचा असतो. हा चार वेळा घेतो." तोही गेला. आणखी एक होता, त्याला नुसतं हात लावला तरी तो गुणगुणायचा, माशी अडकल्यासारखा. पोरगा म्हणाला, थोड़ी आवाज़ तो रहेगी. वन्सं म्हणाल्या, "गाणाऱ्या बायका थांबल्या की एकदम शांत व्हायला पायजे. त्या शांततेतच तर पुढचा नाव येतो." हे मी त्याला हिंदीत समजावून सांगितलं, तसा तो पहिल्यांदाच काउंटरमागून बाहेर येऊन स्टुलावर बसला.

शेवटचा होता तो आमचा डबा. जेवणाच्या चौकोनी डब्यापेक्षा थोडा मोठा, काळा, खांद्याला अडकवायला पट्टा, वर इनमीन तीन बटणं. वन्संनी वायर जोडली, मला पलीकडच्या बाकावर बसवलं आणि हळदीची चाल सुरू केली. मध्येच थांबून खुणावलं, कमी कर. पोरग्याने कमी केला. परत वाजवलं, परत खूण, अजून कमी. पोरगा म्हणाला, "मौसी, इतने में तो मुझे ही सुनाई नहीं दे रहा." वन्संनी माझ्याकडे बोट केलं आणि जोर लावून कुजबुजल्या, "तुला नाय ऐकवायचा, हिला ऐकवायचा." आवाज अजून खाली आला. रिक्षांचे हॉर्न, बाहेरच्या वडापाववाल्याची कढई, या सगळ्यांच्या खालून ती चाल येत होती, जेमतेम. ती नीट ऐकू यावी म्हणून मी पुढे वाकले. पुढे वाकले आणि... मला ठाऊकही नव्हतं मी काय करते आहे. वन्संनी एकदम हात थांबवला आणि माझ्याकडे बघून हसल्या. मी गुणगुणत होते. मी! जिला माहेरी आरतीतसुद्धा फक्त टाळ्या वाजवायला सांगायचे, तिच्या तोंडात ती चाल आली होती, कारण ऐकू आली नाही तेवढी मी आपली आपण भरून काढत होते. वन्संनी डब्यावर हात ठेवला. "हा."

त्या रविवारपासून दुपारची बैठक सुरू झाली. दहा-बारा बायका, रंजना सगळ्यांत पुढे. वन्सं डबा मांडीशी घेऊन बसायच्या आणि चाल वाजवायच्या, शब्द रंजनाच्या कानात सांगायच्या, रंजना मोठ्याने सांगायची. कोणाला वाटायचं, आवाज जरा वाढवावा. बटणाकडे हात गेला की वन्संची चापट बसलीच. ऐकायचं असेल तर गप्प बसून ऐका, नाहीतर गा, दोन्हीत आवाज लागत नाही, असं त्यांचं म्हणणं. माझी कन्या प्राची आत्याकडून बुलबुलतरंग शिकली. मला गाणं शिकवणं मात्र पालथ्या घड्यावर पाणी होतं, तरी त्यांनी ते ओतणं सोडलं नाही. लग्नांत आता नावं परत यायला लागली. रंजना आदल्या दिवशी लग्नघरी जाऊन विचारून यायची, आणि हळदीला तिचा आवाज लागायचा, वन्संसारखा खणखणीत नव्हे, जरा किनरा, पण नाव स्पष्ट. एका हंगामानंतर दुसरा आला. ह्यांना वाटायला लागलं की डब्याची बॅटरी उतरली, आवाज पूर्वीपेक्षा कमी येतो. ते तो घेऊन दुकानात गेले. पोरगा हसला, म्हणाला, बॅटरी एकदम ठीक है, मौसी ही हर बार थोड़ा कम कर देती है.

मग प्राचीचं लग्न ठरलं, मासवणला दिलं तिला. आमच्या अंगणात मांडव पडला आणि मी पदर सावरून बसण्याची पाळी आली. आता कबूल करते, रंजनाने माझं नाव घेतलं तेव्हा मी उठले खरी, पण पाटापर्यंत जाईतो मला काही दिसत नव्हतं. मग काकूंची नावं झाली, मामींची झाली. मग आत्यांची ओळ आली. आत्या म्हणून ह्यांच्या चुलतबहिणी होत्या, दोघी सवाष्णी, नटून बसलेल्या. त्यांची नावं झाली, त्या लावून बसल्या. रंजना थांबली. डब्यातून चाल येत राहिली, हळू. आणि रंजनाने पुढचं नाव घेतलं, कुसुम.

बायकांनी ते उचललं. वन्सं वाजवत होत्या. त्यांनी इकडेतिकडे बघितलं, ही दुसरी कुसुम कोण म्हणून. मी रंजनाला काही सांगितलं नव्हतं, शपथ घेऊन सांगते. आमच्यापैकी कोणी कोणाला विचारलं, कोणी ठरवलं, हे मी नंतरही शोधून काढलं नाही. मागून एका म्हाताऱ्याचं खाकरणं ऐकू आलं, मुद्दामचं. रंजनाने त्याच्याकडे न बघता तीच ओळ पुन्हा म्हटली. कुसुम. नाव एकदाच घ्यायचं हा वन्संचाच नियम, पण त्या दिवशी तो मोडावा लागला, कारण बाई उठतच नव्हत्या. शेवटी मी त्यांच्या पाठीला हात लावून म्हटलं, "वन्सं, तुम्हाला बोलावतायत." त्या उठल्या, पण डब्याचा पट्टा खांद्यालाच होता, वायर बुलबुलतरंगाला, ते सगळं लटांबर बरोबर घेऊनच पाटापर्यंत गेल्या. प्राची हसायला आणि रडायला एकदम लागली. वन्संनी वाटीत बोटं बुडवली. वायर सावरता सावरता हळद प्राचीच्या गालाऐवजी नाकावर लागली. आयुष्यभर दुसऱ्यांची नावं घेतली त्या बाईने, आणि स्वतःचं नाव ऐकायला तिला आवाज जावा लागला. मला त्या दिवशी देवाचा राग आला आणि देवाला नमस्कारही करावासा वाटला, दोन्ही खरं आहे.

त्यानंतर बायकांनी रीतच पाडली. कोणाचंही घर असो, नावं संपत आली की शेवटी कुसुम. एखाद्या घरी कुरबूर व्हायची. रंजना सांगायची, "नाव नको तर गाणा पण नको. डीजे बोलवा." वन्सं पहिल्या एक-दोन वेळा लाजल्या. मग लाजायच्या बंद झाल्या. पुढेपुढे तर नाव येण्याआधीच प्लास्टिकचा तुकडा बाजूला ठेवून तयार असायच्या, आणि मी चिडवायचे, "वन्सं, घाई किती!"

त्या गेल्यावर पहिलं लग्न आलं ते बेटेगावचं. मी जाणार नव्हते. मन नव्हतं. रंजना आली, म्हणाली, "डबा कोण आणील मग?" प्राची मासवणहून आली होती, वाजवायला ती बसली. मी डबा तिच्या गुडघ्याशी ठेवला, बटण वन्संनी ठेवलं होतं तिथेच होतं, ते कोणी हलवलं नाही. गाणं सुरू झालं. बायका अशा गात होत्या की खरं सांगायचं तर प्राचीच्या दोन चुका कोणाला कळल्यासुद्धा नाहीत. नवरीची आई उठली, काकू उठली, मामी, आत्या, शेजारणी. नावं संपली. मला वाटलं, आता थांबतील. रंजनाने श्वास घेतला आणि सवयीने की ठरवून, कोण जाणे, म्हटलं, कुसुम.

उठायला कोणी नव्हतं. बायकांचा आवाज अडला. प्राचीचा हात तारेवर थांबला, आणि डबा गुणगुणणारा नव्हताच, त्यामुळे मांडव एकदम शांत झाला. त्या शांततेत मागे, भिंतीला टेकून बसलेली नवरीची आजी गुडघ्यावर हात ठेवून उठली. पांढरं कपाळ, हातात बांगडी नाही. तिला कोणी सांगितलं नव्हतं. ती बायकांमधून वाट काढत पाटापाशी आली, वाटी पुढे ओढली आणि रंजनाकडे बघत उभी राहिली, जशा बाकीच्या उभ्या राहिल्या होत्या. घरच्या माणसांनी रंजनाला जी नावं दिली होती त्यात हिचं नव्हतं.

रंजनाने विचारलं, "आजी, तुजा नाव काय गो?"

आजीने आधी पदर सावरला, बहुतेक बऱ्याच दिवसांत कोणी विचारलं नव्हतं. मग ती म्हणाली, "भागीरथी."

प्राचीने तार छेडली, आणि आम्ही सगळ्यांनी, मीसुद्धा, ते नाव मोठ्याने घेतलं.